डिझेल गाडीचा ऑईल फिल्टर : या आणि स्वतः पाहा!

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अकोल्यातील आमच्या वस्तीतून दरवर्षी माणसे नागपूरला निघतात. कोणी रेल्वेने, कोणी एसटीने, तर कोणी चार घरे मिळून भाड्याची गाडी करून दीक्षाभूमी गाठतो. २०२२ साली आम्ही अशाच एका गाडीत होतो. गाडी वस्तीतल्याच एका तरुणाची. आठ आसनांची, जुनी विकत घेतलेली, डिझेलवर चालणारी. पतपेढीचे कर्ज आणि आईच्या कानांतले सोने, या दोहोंवर ती गाडी दारात उभी राहिली होती. पुढच्या काचेवर बाबासाहेबांचे चित्र आणि मागे निळ्या अक्षरांत ‘जयभीम’.

कोंढाळीच्या अलीकडे, नागपूर पन्नासेक किलोमीटरवर राहिले असताना, डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. तरुणाने तो पाहिला, आम्हीही पाहिला. कोणाला काही कळले नाही. “नागपूरले गेल्यावर पाहू,” तो म्हणाला. पाच-सात मिनिटांतच इंजिनातून खडखडाट सुरू झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. बायका-मुले उन्हात रस्त्याच्या कडेला बसली. एका मालवाहू टेम्पोवाल्याने आम्हांला दीक्षाभूमीपर्यंत सोडले. वंदना झाली, स्तूपाचे दर्शन झाले. परंतु त्या तरुणाचे लक्ष कशातच नव्हते.

दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या मेस्त्रीने इंजिन खोलले. तळाशी डांबरासारखा काळा गाळ साचलेला. ऑईल ओढून घेणारी जाळी त्या गाळाने बुजलेली. बेअरिंगे घासून गेलेली. मेस्त्रीने ऑईल फिल्टर काढून आमच्या हातात दिला. त्यावर गंज चढलेला आणि धुळीचा थर दगडासारखा घट्ट. “हा काही सहा महिन्यांचा नाही, दोन-तीन वर्षांचा असेल,” तो म्हणाला. आम्ही चकित झालो. कारण तरुणाच्या पाकिटात त्याच वर्षाची दोन बिले होती आणि दोन्ही बिलांत ‘ऑईल फिल्टर नवा’ अशी नोंद होती. पैसे दोनदा घेतले, फिल्टर एकदाही बदलला नाही. इंजिनाचा खर्च अडुसष्ट हजार रुपये आला. कर्जाचे हप्ते चालूच होते आणि गाडी दीड महिना उभी राहिली.

“भाऊ, पोरगं सुखरूप घरी आलं, इंजिन गेलं तं गेलं,” असे त्याची आई आम्हांला म्हणाली. ती माउली चार घरची धुणीभांडी करते. तिचे हे शब्द ऐकून आम्हांला त्या गॅरेजवाल्याचा जितका राग आला, तितकाच स्वतःचाही आला. बिल आम्ही वाचले होते. फिल्टर मात्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. तो कुठे असतो हेही कोणाला ठाऊक नव्हते.

पाहिल्याशिवाय मानू नका

वाचकहो, दर रविवारी विहारात धम्मवंदना म्हणताना आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतःच्या अनुभवावर घासून पाहा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. हा उपदेश काय फक्त विहारात बसून ऐकण्यापुरता आहे? देवाधर्माच्या बाबतीत आपण प्रश्न विचारायला शिकलो. परंतु डॉक्टर, वकील, बँकेतला साहेब आणि गॅरेजवाला यांच्यापुढे अजून आपण मान डोलावतो. कारण तिथले ज्ञान आपले नाही असे आपल्याला वाटते.

यंत्राचे ज्ञान आपले नव्हते, हे खोटे नाही. ते आपल्यापर्यंत येऊ दिले गेले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. परंतु कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, एवढ्या सबबीवर अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यात होते. बॅरिस्टर झालेल्या त्या महामानवाला पान्याची किंमत ठाऊक होती. मग आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचे झाकण उघडायला आपण का कचरावे?

म्हणून २०२३ च्या पावसाळ्यानंतर, पुन्हा नागपूरला निघण्यापूर्वी, आम्ही ठरवले की या वेळी ऑईल आणि फिल्टर आपणच बदलायचा. विहाराशेजारच्या सपाट जागेत गाडी उभी केली. तरुण, त्याची बारावीत शिकणारी बहीण आणि आम्ही, असे तिघे जण होतो. गाडीची इंग्रजी पुस्तिका त्या मुलीच्या हातात. पहिल्याच पानांत तिला ते चित्र सापडले. तेलाची झारी आणि तिच्या टोकाशी एक थेंब. “काका, हाच तो लाल दिवा! इथं तं लिहेल आहे, हा लागला की गाडी लगेच बंद करा.” तिचा भाऊ खाली मान घालून म्हणाला, “मले वाटलं बॅटरीचा असन.”

अडुसष्ट हजारांचे उत्तर त्या पुस्तिकेत होते. गाडीबरोबर आलेली ती पुस्तिका तोपर्यंत कोणी उघडलीच नव्हती.

फिल्टर करतो काय?

इंजिनात लोखंडावर लोखंड फिरत असते. त्यांच्यामध्ये ऑईलचा पातळ पदर असतो म्हणून ते टिकते. तळाच्या चेंबरमधून पंप हे ऑईल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. डिझेल इंजिनात ज्वलनाची काजळी बरीच होते आणि ती ऑईलमध्ये उतरते. म्हणून डिझेल गाडीचे नवे ऑईल काहीशे किलोमीटरांतच काळे दिसू लागते. हे लक्षात ठेवा. कोणी पट्टी काढून “बघा, किती काळे झाले” म्हणून घाबरवले तर घाबरू नका. निव्वळ रंगावरून डिझेलचे ऑईल खराब ठरत नाही. किती किलोमीटर झाले आणि किती महिने झाले, यावर ते ठरते.

फिल्टरच्या आत घड्या घातलेला विशिष्ट कागद असतो. आपल्या केसाहूनही बारीक कचरा तो अडवतो. हा कागद पूर्ण बुजला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. म्हणजे गाडी चालू राहते, आपल्याला काही कळत नाही आणि आत बेअरिंगे झिजत राहतात. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले. त्यातच जुन्या ऑईलचा गाळ होऊन चेंबरमधली जाळी बुजली, दाब पडला आणि दिवा लागला. तोवर उशीर झाला होता. बुजलेला कागदी फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा लावण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. कागदात अडकलेला कचरा निघत नाही, उलट कागद फाटण्याची भीती असते.

खरेदी आणि तयारी

पुस्तिकेत तीन गोष्टी पाहाव्यात. ऑईल किती लिटर लागते, कोणत्या प्रतीचे लागते आणि किती किलोमीटरांनी बदलायचे. डब्यावरील १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० हे आकडे ऑईलचा दाटपणा सांगतात. पहिला आकडा थंड इंजिनासाठी, दुसरा तापलेल्या इंजिनासाठी. एपीआय या शब्दापुढे ‘सी’ने सुरू होणारी खूण, जसे सीएच-४ किंवा सीआय-४, असेल तर ते ऑईल डिझेलला चालणारे. ‘एस’ची खूण पेट्रोलची. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत काजळी अडवणारा वेगळा फिल्टर बहुधा असतो. त्यांना कमी राख सोडणारे खास ऑईलच लागते. दुसरे घातल्यास तो महागडा भाग निकामी होतो. खरेदी ओळखीच्या दुकानातून करावी. डब्याचे सील पाहावे आणि पक्के बिल मागावे. बनावट ऑईल आणि बनावट फिल्टर बाजारात असतात.

फिल्टर दोन प्रकारचे. एक पत्र्याच्या डब्यासारखा, जो पूर्णच्या पूर्ण फिरवून काढतात. दुसऱ्या प्रकारात डबी इंजिनाचीच असते, तिचे झाकण उघडून आतला कागदी भाग तेवढा बदलायचा. २०२० पर्यंत आलेल्या स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात हा दुसरा प्रकार सापडतो.

घरी लागते ते एवढेच : बोल्टच्या मापाचा रिंग पाना, फिल्टर फिरवायचा पट्टा, पसरट घमेले, नरसाळे, जुनी फडकी, रबरी हातमोजे, बोल्टचा नवा वायसर आणि जुने ऑईल भरायला रिकामा डबा. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका. त्याने बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग मेस्त्रीलाही तो निघत नाही.

आधी जीव, मग गाडी

इथे आम्ही हात जोडून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक सरकतो, तेलाचा जॅक खाली बसतो आणि क्षणात माणूस जातो. विटा, दगड किंवा सिमेंटचे ठोकळे रचून गाडी टेकवू नये. ते भाराखाली अचानक फुटतात. गाडी उचलायचीच असेल तर वजन पेलणारे लोखंडी स्टँड लावावेत, जमीन कडक आणि सपाट असावी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावलेले असावेत. आमची गाडी उंच असल्याने ती उचलावीच लागली नाही. ज्यांची गाडी बुटकी आहे आणि स्टँड नाहीत, त्यांनी हे काम घरी करूच नये. गॅरेजात न्यावी आणि शेजारी उभे राहून पाहावे. त्यात कमीपणा नाही. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

प्रत्यक्ष काम

इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करा. कोमट ऑईल पातळ होऊन कचऱ्यासह निघते. दूरवरून आलेल्या तापल्या गाडीला मात्र हात लावू नका, ऑईलने हात भाजतो. इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवा. वरचे ऑईल भरायचे झाकण सैल करा म्हणजे ऑईल सरळ वाहते.

खाली घमेले ठेवून चेंबरचा बोल्ट, त्याच्या डोक्याकडे पाहत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. शेवटचे आटे हातानेच सोडवा आणि हात बाजूला घ्या. पहिली धार जोरात येते. आमचा पहिला बोल्ट घमेल्यात पडला आणि काळ्या ऑईलमध्ये हात घालून शोधावा लागला. दहा-पंधरा मिनिटे ऑईल निथळू द्या. बोल्टला नवा वायसर लावा, आटे हाताने बसवून घ्या आणि मगच पान्याने आवळा. पुस्तिकेत आवळण्याचे माप असते. अंगातले सगळे बळ लावू नका. चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे गेले की अख्खे चेंबर बदलावे लागते.

आता फिल्टर. त्यातही ऑईल असते, म्हणून घमेले खाली सरकवा. पट्ट्याने फिरवून काढा. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची पद्धत दिसते, पण त्यात पत्रा फाटून फिल्टरचे बूड इंजिनालाच चिकटून राहू शकते. फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी कडी त्याच्याबरोबर आली का, हे जरूर पाहा. जुनी कडी इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली, तर गाडी सुरू होताच सगळे ऑईल रस्त्यावर सांडते. ती जागा फडक्याने पुसा. नव्या कडीला बोटाने थोडे नवे ऑईल लावा. फिल्टर हाताने फिरवत न्या. कडी टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापला असेल तेवढा, हातानेच द्या. तिथे पाना नको. कागदी प्रकारात झाकणाची रबरी कडी नवी लावा आणि झाकण पुस्तिकेतील मापानेच आवळा.

मग ऑईल भरा. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरून थांबा. इंजिन सुरू करा, पण रेस देऊ नका. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास ताबडतोब बंद करा. विझल्यावर एक-दोन मिनिटे चालवून खाली वाकून फिल्टर आणि बोल्ट पाहा, ठिबकते का. बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा घालून पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवे. थोडे थोडे घालत तिथे आणा. वरच्या खुणेच्या वर मात्र नको. जादा ऑईल डिझेल इंजिन इंधनासारखे ओढून घेऊ शकते आणि मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही.

पहिल्या वेळी आम्हांला या सगळ्याला अडीच तास लागले. नंतर सव्वा तासात होऊ लागले.

ते काळे ऑईल कुणाच्या वाट्याला?

काम झाले, घमेल्यात सहा लिटर काळे ऑईल. तरुणाने ते सहज उचलले आणि गटाराकडे निघाला. आम्ही त्याला थांबवले. बांधवांनो, त्या गटारात उतरून गाळ काढणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी केली, तरी माणसे उतरवली जातात, मरतात, आणि ती आपल्यासारख्याच घरांतली असतात. आपल्या गाडीची घाण त्यांच्या अंगावर ओतून आपली आजीविका सम्यक कशी ठरेल?

वापरलेल्या ऑईलमध्ये धातूचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. ते वारंवार त्वचेला लागत राहिले तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. वाळवीसाठी दाराच्या चौकटीला, जनावराच्या जखमेला किंवा चूल पेटवायला हे ऑईल वापरण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडली पाहिजे. पाण्यावर पडले तर त्याचा तवंग पसरतो, जमिनीत मुरले तर विहिरीपर्यंत जाते. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा करून पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. आपण एवढेच करायचे. रिकाम्या डब्यात ते भरावे, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नये आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा जुने ऑईल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावे. जुना फिल्टर रात्रभर पालथा निथळत ठेवून सोबत द्यावा.

मेस्त्रीशी वैर नाही

कोणी म्हणेल, तुम्ही मेस्त्रीच्या पोटावर पाय देता. तसे नाही. गॅरेजात राबणारी कितीतरी मुले आपल्याच वस्त्यांतली आहेत आणि प्रामाणिक मेस्त्री हा लाख मोलाचा माणूस. नागपूरच्या ज्या मेस्त्रीने जुना फिल्टर हातात देऊन सत्य सांगितले, त्याचे उपकार आम्ही विसरलो नाही. गाडी वॉरंटीत असेल तर ती कंपनीकडेच न्यावी, नाहीतर पुढे वॉरंटीवरून वाद होतो. फक्त एक करावे. काढलेला जुना फिल्टर दाखवा म्हणावे आणि नव्यावर पेनने तारीख घालावी. चांगला मेस्त्री याने रागावत नाही. ज्याला राग येईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, म्हणून शेवटी हिशेब. ऑईल आणि फिल्टर मिळून त्या वेळी चोवीसशे रुपये लागले. मजुरीचे वाचले ते काही शेकडेच. नुसती ती बचत पाहिली तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. खरी बचत त्या अडुसष्ट हजारांची, दीड महिन्याच्या बुडालेल्या भाड्याची आणि आईच्या पुढच्या एखाद्या दागिन्याची.

ती मुलगी आता एक वही ठेवते. तारीख, किलोमीटर, ऑईल, फिल्टर, बिल क्रमांक. बारावीनंतर तिने आयटीआयत डिझेल मेकॅनिकच्या वर्गात नाव घातले. नातेवाईक म्हणाले, मुलीच्या जातीला हे काम शोभते का? आईने उत्तर दिले, “माह्या हातानं धुणं शोभते, तं तिच्या हातात पाना काहून नाही शोभत?” आम्हांला यात आणखी एक शब्द घालावासा वाटला नाही.

२०२३ ला आम्ही त्याच गाडीने दीक्षाभूमीला गेलो. कोंढाळी आली तेव्हा सगळ्यांच्या नजरा डॅशबोर्डकडे वळल्या. दिवा लागला नाही. तरीही तरुणाने गाडी कडेला घेतली, दहा मिनिटे थांबून पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑईल जिथे हवे तिथेच होते. “चला,” तो म्हणाला, आणि गाडी नागपूरच्या वाटेला लागली.

जयभीम!